बिनआवाजाचे खेळ

ग्रंथपालानं फाशाभोवती जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळला, वरून दोऱ्याचे वेढे घट्ट आवळले आणि फासा टेबलावर टाकून पाहिला. आवाज आला नाही. त्यानं तो पुन्हा टाकला, या वेळी जरा उंचावरून, आणि मान वाकडी करून ऐकलं. तरीही नाही. मग कुठे त्यानं सापशिडीचा पट मुलांपुढे सरकवला.

“बाबा,” थोरली कुजबुजली, “आकडा कसा दिसणार?”

ग्रंथपालानं फाशाकडे पाहिलं. सहाही बाजूंनी राखाडी मोजा.

“अंदाजानं सांगायचा,” तो म्हणाला.

“मग मला सहा पडले.”

“मलापण सहा,” धाकटा म्हणाला. “नाही, मला शंभर.”

“फाशात शंभर नसतात.”

“माझ्या फाशात असतात!”

हे शेवटचं वाक्य थेट छताला जाऊन लागलं. ग्रंथपालाचं बोट ओठांवर गेलं आणि नजर झोपायच्या खोलीच्या बंद दाराकडे. तिघंही तसेच थिजून बसले. दारामागून काहीच आलं नाही. ग्रंथपालानं रोखलेला श्वास सोडला आणि सापशिडीची घडी घालून टाकली.

थोरलीला घरात वकीलसाहेब म्हणत, कारण तिला पाणी आण म्हटलं तरी ती आधी कोणतं पाणी, कोणत्या पेल्यात आणि मीच का, हे तीन मुद्दे उपस्थित करी. धाकट्याला भोंगा म्हणत, आणि त्याचं कारण कुणाला सांगावं लागत नसे. या दोघांना सकाळपासून चारपर्यंत घरात, आवाज न करता, रमवून ठेवायचं होतं. त्यांचा बाप एका मोठ्या वाचनालयात नोकरीला होता. तिथे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यानं नुसतं पाहिलं तरी कॉलेजची दांडगी पोरं तोंडाला कुलूप लावत. हाच चष्मा घरी नाकाच्या शेंड्यावर आला की भोंगा खदखदून हसे आणि म्हणे, “बाबा, परत करा ना तसं!”

यंदा सगळं एकदमच आलं होतं. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली, वाचनालयाचं गळकं छत दुरुस्तीला काढलं म्हणून तेही बंद, आणि आजवर मुलांकडे बघणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या. जाताना काकूंनी चार युक्त्या सांगितल्या होत्या, पण ग्रंथपालानं त्या या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिल्या. काकूंच्या राज्यात घराचा नुसता बाजार व्हायचा, हे तो कधीमधी लवकर घरी आला तेव्हा त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. रेडिओ चालू, पोरं दिवाणावरून उड्या मारतायत, आणि काकू स्वयंपाकघरातूनच दोघांना ओरडतायत. त्या गोंगाटात बायको कशी झोपायची देव जाणे. दमलेली असेल बिचारी, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आता तो स्वतः घरी होता. आता तिला खरी शांतता मिळणार होती.

बायको इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला होती. सकाळी यायची, चार घास खायची आणि झोपायची, ती चारला उठायची. पण सुट्टी लागल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. पहिले काही दिवस दोघांनी ते उन्हाळ्यावर ढकललं, मग चहावर, मग वयावर. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. बोलता बोलता ती मधेच थांबायची आणि काय बोलत होते ते विसरायची. आणि गेल्या आठवड्यात तिनं एका खाटेवरच्या बाळाच्या औषधाचे थेंब दुसऱ्या खाटेवरच्या बाळाच्या ओठांपर्यंत नेले होते. मोठ्या सिस्टरनी तिचं मनगट धरलं म्हणून बरं. बाळाला काही झालं नाही. मोठ्या सिस्टर तिला ओरडल्यासुद्धा नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की, झोप सुधार, नाहीतर तुला दिवसपाळीला केसपेपरच्या खिडकीवर बसवते.

दुसरी एखादी खूश झाली असती. खिडकीवर खुर्ची असते, पंखा असतो, आणि रात्री माणूस आपल्या घरी असतं. पण ही त्या वॉर्डात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होती. कोणतं पोर भुकेनं रडतंय, कोणतं दुखण्यानं आणि कोणतं नुसतंच हट्टानं, हे तिला जिना चढतानाच कळायचं. तो वॉर्ड सुटला तर ती नुसती नोकरी करील, हे ग्रंथपालाला माहीत होतं.

आज सकाळी तर ती घरात आली आणि चपला न काढता दारातल्या स्टुलावरच बसली.

“मला आज झोप लागलीच पाहिजे,” ती म्हणाली. “नाही लागली तर मी रात्री जात नाही. मीच सांगते त्यांना, बसवा मला खिडकीवर म्हणून.”

“अगं, असं काय करतेस!”

“माझा माझ्या हातांवर भरवसा नाही राहिला रे,” ती म्हणाली. हात मांडीवर उताणे ठेवून ती ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत होती.

त्यानं तिच्या चपला स्वतः काढल्या आणि तिला खोलीपर्यंत नेऊन दार लावून घेतलं. आज या घरात टाचणी पडली तरी तिची गय करायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

तसं पाहिलं तर टाचणी पडायला जागाच उरली नव्हती. तिची झोप जसजशी बिघडत गेली तसतसं त्यानं घराचं तोंड दाबत आणलं होतं. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड लोकरी कापडाची बनात चिकटवलेली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला होता, दारावरच्या घंटीची वायर सोडवली होती. नळाला फडकं बांधलं होतं, म्हणजे थेंब बादलीत न पडता फडक्यावरून ओघळत. शिट्टी होते म्हणून कुकर बंद. भात उघड्या पातेल्यात शिजे आणि रोज खाली लागे. घर इतकं शांत झालं होतं की फ्रिज सुरू झाला तरी तिघं दचकत. आणि तरीही बायको झोपत नव्हती. मग ग्रंथपाल आणखी एखादा आवाज शोधून काढी आणि त्याचा बंदोबस्त करी.

सापशिडी बाद झाल्यावर त्यानं बटणांचा डबा काढला. रंगाप्रमाणे वेगळी करायची, मग आकाराप्रमाणे, मग भोकांप्रमाणे. वाचनालयात त्यानं हेच काम पुस्तकांवर आयुष्यभर केलं होतं आणि त्याला त्यात अजून गोडी वाटे. डब्याखाली टॉवेल अंथरला होता.

“हे निळं आहे की जांभळं?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“निळं.”

“उजेडात धरलं तर जांभळं दिसतं.”

“मग जांभळ्यात टाक.”

“पण तुम्ही आत्ता निळं म्हणालात.”

“टाक ना गं कुठेही!”

“कुठेही टाकायचं असेल तर वेगळी कशाला करायची?”

ग्रंथपाल याचं उत्तर शोधत असतानाच त्याच्या लक्षात आलं की भोंगा बराच वेळ बोललेला नाही. भोंगा गप्प म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यानं पाहिलं तर भोंगा डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून बसला होता आणि त्याची एक नाकपुडी दुसरीपेक्षा चांगलीच फुगलेली होती. पुढचा काही वेळ ग्रंथपालाचे अक्षरशः नाकी नऊ आले. दुसरी नाकपुडी दाबून शिंकर म्हणावं, तर शिंकरण्याचा आवाज होणार. शेवटी त्यानं पोराला काखोटीला मारून गॅलरीत नेलं, दार लावलं आणि तिथे बटण बाहेर काढलं. ते निळंच होतं.

“जांभळं,” थोरली काचेपलीकडून ओठांनी म्हणाली.

मग मोज्यांचे चेंडू झाले. मोज्यांच्या जोड्या गुंडाळून कपड्यांच्या टोपलीत लांबून टाकायच्या. हा खेळ त्याला सुचला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, कारण मोजा भिंतीवर आपटला काय आणि डोक्यावर आपटला काय, आवाज शून्य. थोडा वेळ तो चाललाही छान. पण मग काठावर अडकलेला मोजा आत धरायचा की बाहेर, यावरून वाद झाला. वाद कुजबुजत झाला, हे खरं, पण कुजबुजून भांडणारी दोन पोरं ही ओरडून भांडणाऱ्या दोन पोरांपेक्षा वाईट दिसतात. दोघांचे चेहरे लालबुंद, माना ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि बाहेर पडतंय काय, तर नुसतं फुस्स फुस्स. ग्रंथपालाला ते दृश्य बघवेना. त्यानं टोपली उचलून कपाटावर ठेवली.

नाव-गाव-फळ-फूल कागदावर खेळून झालं. भोंग्याला धड लिहिता येत नसल्यानं त्यानं चारही रकान्यांत हत्ती काढले आणि हत्तीला गुण का नाहीत म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मुक्यानं ओळखा झालं. पुतळा झाला, त्यात थोरली इतका वेळ पुतळा होऊन राहिली की धाकट्यानं ती खरी आहे का हे बघायला तिला चिमटा काढला. आणि गप्प बसण्याची शर्यत तर रोजचीच होती.

“ढेकर दिला तर बाद का?” वकीलसाहेब.

“हो.”

“शिंक?”

“हो.”

“मग आत्ता मी बोलले ते?”

“शर्यत अजून सुरू नाही झाली!”

“मग तुम्ही कशाला ओरडताय?”

ग्रंथपालानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. वाचनालयातली शांत दुपार त्याला आठवली, पानं उलटल्याचा तेवढाच आवाज असलेली, आणि ज्या छतानं गळून ती हिरावून घेतली त्या छतावर त्यानं मनातल्या मनात तोंडसुख घेतलं.

तेवढ्यात दाराची कडी हलली.

बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. ती झोपली नव्हती हे सांगायची गरज नव्हती. तिनं आधी धाकट्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग पुन्हा धाकट्याकडे.

“काय करताय रे तुम्ही?” तिनं विचारलं.

“काही नाही,” ग्रंथपाल घाईनं म्हणाला. “एक शब्दही नाही काढला कुणी. विचार हवं तर.”

“हो, ऐकू नाही आलं काहीच.” ती पाणी प्यायली, पेला ठेवला, तरी ओट्याला टेकून उभीच राहिली. “लागतच नाही रे. डोळे मिटते आणि नुसती पडून राहते. कान असे… जाऊ दे. सांगून ठेवते मी आज.”

“थांब, थांब. अजून चार वाजायला अवकाश आहे. तू पड. मी बघतो.”

“तू काय बघणार आहेस आता?” ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसता थकवा होता. दार परत लागलं.

ग्रंथपाल बंद दारासमोर उभा राहिला. आणखी काय बंद करायचं राहिलंय? त्यानं घरभर नजर फिरवली. फ्रिज. त्यानं फ्रिजचं बटण बंद केलं. मग तो मुलांकडे वळला आणि खाली बसून, दोघांचे दंड धरून, दातांवर दात ठेवून बोलला.

“तुमची आई आजारी पडेल. कळतंय? तुमच्या खाकरण्यानं, तुमच्या कुजबुजीनं, तुमच्या या… या सगळ्यानं तिला झोप येत नाही.”

“आम्ही काहीच केलं नाही,” थोरली म्हणाली. या वेळी तिनं मुद्दे काढले नाहीत. तिचा खालचा ओठ थरथरला.

ग्रंथपालाला वाईट वाटलं, पण माघार घ्यायला वेळ नव्हता. त्यानं शेवटचा हुकमी खेळ काढला. गुहा. जेवणाच्या टेबलावरून मोठी चादर सोडायची, तिच्या आत उशा टाकायच्या, आणि गुहेत अस्वल झोपलेलं असल्यामुळे आत कुणी हूं की चूं करायचं नाही. चादरीचं एक टोक त्यानं खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी लावलं. दुसरं टोक कुठे लावावं ते त्याला समजेना. थोरली म्हणाली, मी लावते, आणि ते तिनं स्वयंपाकघराच्या मांडणीवर, डब्यांच्या उतरंडीखाली दाबून टाकलं. काम चोख झालं होतं. चादर ताठ बसली. ग्रंथपालानं ‘छान’ म्हणत तिच्या पाठीवर थोपटलं आणि आतल्या अंधारात शिरून उशीला डोकं टेकलं. दोन्ही पोरं त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन पडली. घरात खरोखरच कसलाही आवाज राहिला नाही. ग्रंथपालाला वाटलं, जमलं.

“बाबा,” अंधारातून भोंग्याचा श्वास कानात आला, “अस्वलाला सू लागली.”

“मग हळूच जाऊन ये.”

अस्वल हळूच निघालं. पण अस्वलाला गुहेचं दार सापडेना म्हणून त्यानं चादरीच्या पोटात मुंडकं घालून सरळ वाट काढली, आणि वाट निघेना म्हणून सगळा जोर लावला.

आधी वरचा लहान डबा पडला. मग त्याच्या पाठोपाठ मधली रांग आली, मग खालचे मोठे डबे, मग शेजारची ताटांची चळत, आणि सगळ्यात शेवटी झाकणं. डबे एकदाच आपटून गप्प होतात. झाकणांचं तसं नसतं. एकेक झाकण आधी फरशीवर उभं फिरलं, मग आडवं व्हायला लागलं, आणि आडवं होता होता त्याचा आवाज भरभर होत गेला. असं प्रत्येकाचं निराळं चाललं होतं. दोन झाकणं तर भोंग्याच्या कपाळावरून टप्पा घेऊन गेली होती.

भोंग्यानं तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

“मी नाही केलं!” थोरली चादरीतून बाहेर येत किंचाळली. “मी लावलं होतं बरोबर! यानं ओढलं!”

“तिनं लावलं! तिनं डब्यांखाली लावलं!”

“अस्वलानं दारानं जायचं असतं!”

“दारच नव्हतं!”

“गप्प बसा!” ग्रंथपाल ओरडला.

हे शब्द त्यानं या दिवसांत कितीतरी वेळा काढले होते, पण पोटातून आज पहिल्यांदाच काढले. आणि एकदा बांध फुटल्यावर त्याला थांबता येईना. नाकातलं बटण, चारही रकान्यांतले हत्ती, निळं की जांभळं, खाली लागलेला रोजचा भात, गळकं छत, लेकीकडे निघून गेलेल्या काकू, सगळ्यांचा त्यानं एका दमात उद्धार केला. पोरं रडत होती, तो ओरडत होता, आणि खालच्या मजल्यावरचं कुणीतरी काठीनं छताला ठोकत होतं.

आणि मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

तो धावत झोपायच्या खोलीकडे गेला. माफी कशी मागायची, याचं एक वाक्य त्यानं तोंडात तयार ठेवलं होतं. आजचा दिवस गेला. वॉर्ड गेला. हे आपल्या घरानं, आपल्या डब्यांनी घालवलं.

बायको कुशीवर वळून झोपली होती. तोंड उघडं होतं. उशीवर लाळेचा लहानसा ओला डाग पडला होता, एक पाय चादरीबाहेर लोंबत होता. ती चक्क घोरत होती.

ग्रंथपालाला आधी वाटलं, ती बेशुद्ध पडली. त्यानं पुढे होऊन तिच्या नाकाशी हात धरला. नाही, गाढ झोप होती. कितीतरी दिवसांत न आलेली झोप नेमकी आत्ता आली होती आणि आपण ती मोडली नाही, ही केवढी दैवाची मेहेरबानी, असं म्हणत तो चवड्यांवर मागे सरकला. बाहेर भोंगा अजून सूर धरून होता. ग्रंथपालानं त्याला उचललं, तोंडावर हात ठेवला, आणि थोरलीकडे असं काही पाहिलं की तिची कैफियत जागच्या जागी विरली. बापाचा हा चेहरा पोरांनी कधी पाहिला नव्हता. दोघंही खरोखर चिडीचूप झाली. उरलेलं एक झाकण ग्रंथपालानं पायानं दाबून धरलं.

घर पुन्हा शांत झालं.

घोरण्याचा आवाज थांबला. पलंग कुरकुरला. पावलं वाजली आणि दार उघडून बायको बाहेर आली, चादरीचा कोपरा अजून खांद्यावर. डोळे धड उघडलेले नव्हते. सांडलेल्या डब्यांकडे तिनं पाहिलंही नाही. त्यांच्यामधून वाट काढत ती सरळ भोंग्याकडे गेली, गुडघ्यांवर बसली, एक हात त्याच्या कपाळावर आणि दुसरा छातीवर ठेवला, आणि तिचे ओठ हलू लागले. ती त्याचे श्वास मोजत होती.

“काय झालं याला?” ती म्हणाली.

“काही नाही. डबे पडले. खरचटलंसुद्धा नाही, मी बघितलं.”

“मग गप्प का झाला? आत्ता तर रडत होता.”

“मीच गप्प केलं. तू झोपली होतीस म्हणून…”

“रडू दे रे त्याला,” ती म्हणाली. तिची मान पुढे झुकली होती आणि शब्द झोपेतच निघत होते. “रडत असलं पोर की बरं असतं. गप्प झालं की उठून बघावं लागतं.”

तिनं तोच हात थोरलीच्या छातीवर ठेवला. तिथेही मोजलं. मग फ्रिजला धरून उठली, चादर खांद्यावर ओढली आणि आत निघून गेली. पलंग पुन्हा कुरकुरला.

ग्रंथपाल तिथेच उभा राहिला. दाराआड आता घोरणं नव्हतं. कूस बदलल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. त्याच्या पायाखालचं झाकण त्यानं उचललं आणि ते हातात घेऊन तो सेल काढलेल्या घड्याळाकडे, नळाच्या फडक्याकडे, खुर्च्यांच्या पायांच्या बनातीकडे बघत राहिला. ती इतके दिवस आत पडून कान लावून काय ऐकत असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. सगळ्या शहरात बायकोच्या उशाशी इतकी शांतता रचून ठेवणारा नवरा दुसरा नसेल, आणि सगळ्या शहरात इतका गाढवही नसेल.

त्यानं हात उंच केला आणि झाकण सोडून दिलं.

ते फिरलं, खणखणलं, बसलं. त्यानं दाराकडे कान दिला. मग दुसरं सोडलं.

“बाबा, तुम्ही काय करताय?” थोरलीनं विचारलं. घाबरून तिनं भावाचा हात धरला होता.

“खेळा,” ग्रंथपाल म्हणाला. कुजबुजून नव्हे, सरळ, रोजच्या माणसाच्या आवाजात. “मोठ्यानं खेळा. भांडा. पळा.”

दोघं एकमेकांकडे बघू लागली.

“अरे, ओरडा ना! पलंगावरून उड्या मारायच्यात तर मारा. तो दिवाण आहे, त्याच्यावरून मारा.”

“हा खेळ आहे का?” वकीलसाहेबांनी सावधपणे विचारलं. “यात ओरडलं की बाद होतं ना?”

“नाही होत.”

“मग हरतं कोण?”

“कुणी नाही हरत!”

“मग कशाला खेळायचं?”

आणि ती खाली बसली. तिला सांडलेल्या डब्यांत काहीतरी दिसलं होतं. कोणतं झाकण कोणत्या डब्याचं, हे ती जुळवू लागली. भोंगाही हुंदके गिळत तिच्याजवळ सरकला आणि तिला एकेक झाकण देऊ लागला. दोघंही मान खाली घालून, शहाण्यासारखी, तोंडातून अवाक्षर न काढता कामाला लागली. इतके दिवस ज्या दृश्यासाठी ग्रंथपालानं जिवाचं रान केलं होतं ते दृश्य आत्ता, या मुहूर्तावर, फुकटात त्याच्यापुढे मांडून बसलं होतं. त्याला रडावं की हसावं कळेना.

“भांडा म्हणतो ना मी!”

“आम्हाला नाही भांडायचं आता,” थोरली म्हणाली. “आम्ही कामात आहोत.”

आतून खोकल्याचा आवाज आला. जाग्या माणसाचा खोकला.

ग्रंथपालानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. फ्रिज चालू केला. नळाचं फडकं सोडून नळ पूर्ण उघडला आणि पाणी दणादणा बादलीत पडू दिलं. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर न आणता नीट डोळ्यांवर बसवला आणि दोघांसमोर मांडी घालून बसला.

“ठीक आहे,” तो मोठ्यानं म्हणाला. “मग निकाल देऊन टाकू. डबे पडले ते सगळे थोरलीच्या चुकीनं पडले.”

थोरलीच्या हातातलं झाकण थांबलं.

“माझ्या?”

“तूच टोक दाबलंस.”

“तुम्ही ‘छान’ म्हणालात! पाठ थोपटलीत! मी लावल्यावर तुम्ही तपासलं नाहीत, ही तुमची चूक नाही का? आणि ओढलं कुणी? माझा पहिला मुद्दा…”

“धाकट्याचा काहीच दोष नाही. तो लहान आहे. त्याला कळत नाही.”

“मला कळतं!” धाकटा ताडकन उभा राहिला. “मी मोठा आहे! मीच पाडले! मी एकट्यानं पाडले!”

“ऐका, ऐका! कबूल करतोय तो! माझा दुसरा मुद्दा…”

दोघंही उभी राहिली. डब्यांवर डबे आपटले. खालच्या मजल्यावरच्या काठीनं पुन्हा ठोकलं. ग्रंथपाल मधेमधे कधी याची, कधी तिची बाजू घेऊन तेल ओतत राहिला. एकीकडे त्याचा कान दाराला लागलेला होता. आत कूस बदलली, मग आणखी एकदा बदलली, मग बदलेनाशी झाली. आणि थोरलीच्या चौथ्या की पाचव्या मुद्द्याच्या सुमाराला दारामागून तो घरघरता आवाज आला, पहिल्यांदा तुटक, मग एकसारखा. ग्रंथपालानं डोळे पुसले. पोरांना वाटलं तो हरला.

दम लागून भोंगा थांबला. थोरलीही पुढचा मुद्दा आठवत थांबली. खोलीत क्षणभर काहीच वाजलं नाही, आणि आत पलंग कुरकुरला.

“आणि हल्ली रडतोस तेही किती हळू,” ग्रंथपाल घाईघाईनं भोंग्याला म्हणाला. “मला तर ऐकूसुद्धा नाही येत.”